वाजणारा कान उपाशी ठेवू नका

कान वाजतात अशी तक्रार घेऊन माणूस घरात, पारावर किंवा दवाखान्यात बोलू लागला की त्याला बहुधा एकच सल्ला मिळतो: गोंगाटापासून लांब राहा, शांत जागी बसा, कानात कापूस घाला. सल्ला मायेपोटी दिलेला असतो आणि पहिले दोन दिवस बरेही वाटते. काहींच्या कानातला आवाज रोजच्या साध्या आवाजाने वाढतो. भांडे आपटले, कुकरची शिट्टी झाली, मिक्सर लागला, एसटीने हॉर्न दिला की पुढचे काही तास कानातली किर्रकिर्र चढलेली राहते. अशांना तर शांतता हेच औषध वाटू लागते. या लेखाचे म्हणणे याच्या उलट आहे. कान जपायचा तो घातक आवाजापासून. साध्या आवाजापासून त्याला लपवत राहिले तर तो अधिकच हळवा होतो. लंघन केलेल्या माणसाला आपल्याकडे आधी पेज देतात, मग मऊ भात, मग भाकरी. वाजणाऱ्या कानालाही आवाज असाच द्यावा लागतो: मापाने, पायरीपायरीने, पण रोज.

भोर तालुक्यातले आंबवडे डोळ्यांसमोर आणले तर हे लवकर कळते. रायरेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव. नागेश्वराचे देऊळ, ओढ्यावरचा झुलता पूल, भोवती भातखाचरे. पुण्यात कान वाजून बेजार झालेल्या माणसाला वाटेल, इथे महिनाभर राहिलो की सुटलो. पण डोंगरातल्या अशा गावांत आवाजाची दोन टोके असतात. पावसाळ्यात पाऊस, ओढे आणि बेडूक रात्रभर सोबत करतात. थंडीत मात्र पाणी ओसरते, रातकिडेही गप्प होतात आणि जेवणे उरकल्यावर इतके सामसूम होते की कानातली शिट्टी सोडून ऐकायला काही उरत नाही. दिवसा त्याच शिवारात मळणी यंत्र, पॉवर टिलर आणि गिरणी चालू असते. लग्नसराईत वरातीचा डीजे येतो. एका टोकाला निःशब्द रात्र, दुसऱ्या टोकाला छातीत धडकी भरवणारा दणका, आणि वाजणाऱ्या कानाला दोन्ही सोसत नाहीत. त्याला मधली पातळी हवी असते. ती आपोआप मिळत नाही, ठरवून करावी लागते.

त्याआधी एक काम टाळू नये: कान एकदा नीट तपासून घ्यावा. कधी साधा मळ घट्ट बसलेला असतो, कधी पडद्यामागे पाणी साचलेले असते, आणि ते काढले की तक्रार मिटते. भोरच्या उपजिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करता येईल; पुढची तपासणी लागली तर पुण्यात ससून रुग्णालय आहे, आणि कापूरहोळमार्गे येताना कात्रज ओलांडल्यावर लागणाऱ्या भारती विद्यापीठात श्रवणशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय आहे. तिथे ऑडिओमेट्री, म्हणजे कोणत्या पट्टीतला आवाज किती ऐकू येतो याची चाचणी, करून तिचा कागद जपून ठेवावा. काही लक्षणांत मात्र दिवस ढकलू नयेत. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. त्यावरचे स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांतच जास्त गुण देतात आणि दोन आठवड्यांनंतर संधी कमी होत जाते. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत गरगरत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी तज्ज्ञांकडे जावे. जास्त मात्रेतले ॲस्पिरिन, क्विनाइन, जेंटामायसिनसारखी इंजेक्शने, कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन यांनीही कान वाजू शकतात. पण चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. आणि कानात गरम तेल, लसणाचा रस किंवा काडी घालू नये. मोठ्या आवाजाने किंवा वयाने जी इजा झालेली असते ती पडद्याच्या पलीकडे, खोल आत असते. तेल तिथवर पोचत नाही, पडदा मात्र भाजू शकतो.

तपासणीत धोक्याचे काही निघाले नाही, की प्रश्न उरतो तो असा: मग आवाज येतो कुठून? सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत आणि त्यांत कर्णनाद वेगळा नोंदवलेला आहे, म्हणजे ही तक्रार मोटारी आणि ध्वनिक्षेपकांच्या फार आधीची आहे. २०२२ मध्ये जगभरातल्या अभ्यासांची बेरीज करून संशोधकांनी अंदाज मांडला की सुमारे १४ टक्के प्रौढांना, म्हणजे ७४ कोटींहून अधिक माणसांना, कानात असा आवाज जाणवतो. कानाच्या आत, शंखासारख्या वळलेल्या नळीत, सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लाटांनी त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. माणसाच्या कानात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पेशी कमी झाल्या, संदेश क्षीण झाला, की मेंदू ऐकण्याची ताकद वाढवतो. नळाला पाणी कमी आले म्हणून आपण मोटर लावतो. पाणी थोडे वाढते, पण पाइपातून हवा आणि घरघरही येऊ लागते. कानातली शिट्टी ही बऱ्याच अंशी अशी घरघर असावी, असे आज बहुतेक संशोधक मानतात. मोटर लावलेली असताना मुख्य नळाला एकदम जोर आला तर पाणी उसळून अंगावर येते. साधे भांडे पडले तरी कानात सुरी खुपसल्यासारखे का वाटते, याचे उत्तर इथे आहे. कान वाजणे आणि आवाज सहन न होणे या दोन तक्रारी अनेकदा हातात हात घालून येतात, कारण दोन्हींच्या मागे हीच वाढलेली ताकद असावी.

हे खरे असेल तर पुढची पायरी सरळ आहे: बाहेरचा आवाज आणखी तोडला तर मेंदू ताकद आणखी वाढवील. हा नुसता तर्क नाही, प्रयोगांनी तपासलेली गोष्ट आहे. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी कानाची तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते लिहायला सांगितले. ९४ टक्के लोकांनी गुणगुण, शिट्टी, घूं घूं असे आवाज नोंदवले. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी चांगले ऐकू येणाऱ्या १८ जणांच्या एका कानात सात दिवस इअरप्लग ठेवला. त्यांतल्या १४ जणांना नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, आणि प्लग काढल्यावर ते विरून गेले. २००३ मध्ये फॉर्मबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना दोन आठवडे जवळजवळ सतत इअरप्लग घालायला लावले आणि काहींच्या कानात मंद खरखर सुरू ठेवणारे यंत्र बसवले. प्लगवाल्यांना नंतर तेच आवाज पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागले. मंद आवाजात राहिलेल्यांची सहनशक्ती वाढली. दिवसभर कानात कापूस घालून घराच्या आतल्या खोलीत बसलेला माणूस नकळत हाच प्रयोग स्वतःवर करत असतो, आणि मग दर आठवड्याला जग अधिक कर्कश होत चालले आहे असे त्याला वाटते.

यावर पहिला आक्षेप रुग्णाचाच असतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा: ‘आवाजाने माझा त्रास खरोखरच वाढतो, मग माझ्या कानाला इजाच होत असणार ना?’ त्रास खरा आहे, त्यात शंका नाही. पण त्रास आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यात गल्लत झाली की सगळी दिशा चुकते. इजा आवाजाची पातळी आणि त्यात घालवलेला वेळ यांवर ठरते. सर्वसाधारण मान्य मर्यादा अशी: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास. दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० ला फक्त १५ मिनिटे. साधे बोलणे ६० च्या आसपास असते. कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट, मिनिटभराचा मिक्सर, बसचा हॉर्न कानाला बोचतात, पण इतक्या थोड्या वेळात केसपेशी मारत नाहीत. अशा आवाजानंतर शिट्टी चढली तर ती हळव्या झालेल्या मेंदूची प्रतिक्रिया असते आणि बहुधा काही तासांत किंवा झोपेनंतर उतरते. उलट वरातीत डीजेच्या भिंतीसमोर अर्धा तास नाचताना काहीच खुपत नाही, पण खरी इजा तिथे होते. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी गणेश विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजत आले आहेत, आणि अनेक वर्षी तिथल्या नोंदी १०० डेसिबलच्या वर गेल्या आहेत. म्हणून किती खुपले एवढ्यावर धोका ठरवू नये. आवाज किती मोठा होता आणि त्यात आपण किती वेळ होतो, ते पाहावे.

म्हणून पहिले प्रत्यक्ष काम वही-पेन्सिलीचे आहे. आठवडाभर दिवसातले सगळे त्रासदायक आवाज लिहावेत आणि त्यांचे दोन रकाने करावेत: घातक आणि नुसते खुपणारे. मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपने अंदाज येतो. तेही नसेल तर हातभर अंतरावरच्या माणसाला ऐकू जाण्यासाठी ओरडावे लागते का ते पाहावे. लागत असेल तर आवाज ८५ च्या आसपास किंवा वर आहे असे धरून चालावे. केबिन नसलेला ट्रॅक्टर, मळणी यंत्र, गवत कापायचे यंत्र, तासन्‌तास चालणारी गिरणी, डीजे, ढोल-ताशाची जवळची जागा आणि फटाके हे पहिल्या रकान्यात. भांडी, मिक्सर, दळण टाकायला गेल्यावरची पाच मिनिटे, एसटीचा प्रवास, शाळेतल्या पोरांचा कल्ला, देवळातली घंटा हे दुसऱ्या रकान्यात. पहिल्या रकान्यासाठी संरक्षण सक्तीचे, पण ते खरे असावे. कापसाच्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही. फोमचा इअरप्लग बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढून तो आत सरकवावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. यंत्रावर रोज काम करणाऱ्याने कानावर बसणारे इअरमफ घ्यावे. यंत्र बंद झाले की संरक्षण काढायचे, हा त्यातला निम्मा नियम आहे. दुसऱ्या रकान्यासाठी कानात काहीही घालू नये.

दुसऱ्या रकान्याला लागते ती शिडी. त्यातला सगळ्यांत कमी खुपणारा आवाज निवडावा आणि रोज ठरलेल्या वेळी, ठरलेली मिनिटे, त्याच्या सोबत राहावे. भांड्यांपासून सुरुवात सोयीची, कारण आपण स्वतः करतो तो अपेक्षित आवाज अवचित आलेल्या आवाजापेक्षा कमी बोचतो. आधी दोन-तीन ताटे सावकाश विसळावीत. आठवडाभराने सगळी भांडी. मग मिक्सर दोन खोल्या पलीकडे लावून, मग एका खोलीवर, मग ओट्याशी उभे राहून. त्यानंतर बाजाराच्या दिवशी गर्दीच्या कडेने एक फेरी, मग बसमध्ये पुढच्या बाकावर न बसता मधल्या बाकावर एक छोटा प्रवास. शिट्टी चढली तर घाबरून शिडी सोडू नये. दुसऱ्या दिवसापर्यंत उतरली तर त्याच पायरीवर थांबावे. दोन-तीन दिवस तशीच राहिली तर एक पायरी खाली यावे आणि श्रवणतज्ज्ञाला विचारावे. घाई करून एकदम यात्रेच्या गर्दीत उभे राहणे चूक, तसेच एका वाईट दिवसामुळे महिनाभर दार लावून बसणेही चूक. यात आठवडे नव्हे, महिने जातात, हे आधीच मनाशी धरावे.

रात्रीचा प्रश्न वेगळा आहे, कारण तेव्हा बाहेरचा आवाज मुळातच संपलेला असतो. झोपण्याच्या खोलीत पूर्ण सामसूम ठेवू नये. उन्हाळ्यात पंखा पुरतो, पावसाळ्यात पाऊस आपले काम करतो. थंडीच्या रात्री मात्र आवाजाची सोय करावी लागते: ओढ्याच्या किंवा पावसाच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, दोन स्टेशनांमधली रेडिओची खरखर, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला पंखा. आंबवड्याचे लोक तर भर पावसाळ्यात पुलाजवळ उभे राहून आपल्या ओळखीच्या पाण्याचा आवाज तासभर मोबाइलमध्ये भरून ठेवू शकतात. दोन गोष्टी पाळाव्यात. आवाज कानातल्या शिट्टीपेक्षा थोडा कमी ठेवावा, इतका की दोन्ही एकत्र ऐकू येतील. शिट्टी बुडवून टाकली तर मेंदूला तिची सवय होण्याची संधीच मिळत नाही. आणि इअरफोन वापरू नयेत, आवाज खोलीत असावा. काही जणांची तक्रार असते की खरखरीने शिट्टी उलट भांडायला लागते. त्यांनी हट्ट करू नये. आवाज आणखी बारीक करावा, खरखरीऐवजी पाण्याचा किंवा पानांच्या सळसळीचा मऊ आवाज घ्यावा आणि दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. चाचणीत ऐकणे कमी झाल्याचे दिसले असेल त्यांच्यासाठी श्रवणयंत्र हाच सगळ्यांत नैसर्गिक मार्ग आहे. बाहेरचे जग पुन्हा ऐकू येऊ लागले की मेंदूने लावलेली मोटर सैल पडू शकते. लाजेखातर ते टाळणे म्हणजे कान उपाशी ठेवणेच.

जाणकार वाचक इथे विचारील: आवाजाच्या उपचाराला पुरावा आहे का? प्रामाणिक उत्तर असे की यंत्रांना भक्कम पुरावा नाही. २०१८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने आठ अभ्यास तपासले, तेव्हा श्रवणयंत्र किंवा ध्वनियंत्र दिल्याने नुसते थांबण्यापेक्षा किंवा नीट माहिती देण्यापेक्षा निश्चितपणे जास्त फायदा होतो असे दिसले नाही. म्हणून ऐकू कमी येणाऱ्याने श्रवणयंत्र ऐकण्यासाठी घ्यावे, पण हजारो रुपयांचे ‘कान शांत करणारे’ उपकरण घेण्याचे कारण नाही. पंखा आणि फोन पुरेत. गिंको, जस्त, मेलाटोनिन यांच्या गोळ्याही शिट्टीसाठी घेऊ नयेत. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच त्यांची शिफारस करू नका असे सांगितले आहे. सर्वांत भरवशाचा पुरावा सीबीटी या बोलण्यातून होणाऱ्या उपचाराला आहे. विचारांची आणि वागण्याची पद्धत पायरीपायरीने बदलायला तो शिकवतो. कॉक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात २८ अभ्यास आणि २७३३ माणसे होती, आणि या उपचाराने रोजच्या जगण्यावरचा त्रास कमी होऊ शकतो असे त्यात दिसले. वर सांगितलेली शिडीही याच जातीची आहे. आवाजापासून पळायचे सोडून मापाने त्याच्यासमोर राहायला शिकणे, हाच तिचा गाभा. पाण्याचा आवाज ही त्या वाटेवरची काठी आहे. चालायचे आपल्यालाच असते, पण काठीने पाय स्थिर पडतो.

‘म्हणजे हे सगळे मनाचे खेळ आहेत असे म्हणायचे का?’ हा आक्षेप दुखावलेल्या माणसाचा असतो. नाही. आवाज खरा आहे, तो ऐकण्याच्या मार्गात तयार होतो. पण मेंदू कोणत्या आवाजाकडे लक्ष ठेवायचे हे धोक्यावरून ठरवतो. रोज रात्री ‘आता हा वाढणार, आता मी बहिरा होणार’ असा विचार झाला की मेंदू शिट्टीला धोक्याचा इशारा समजतो, राखणीला बसतो, झोप मोडते, आणि थकलेल्या मेंदूला सकाळी ती अधिक मोठी वाटते. हे चक्र तोडायला झोपेची ठरलेली वेळ, दिवसा शेतात किंवा अंगणात अंगमेहनत आणि दर तासाला कान तपासून पाहण्याची सवय सोडणे, हे तिन्ही लागते. निराशा फार दाटली, जगणे नकोसे वाटू लागले, तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते. तो फोन करण्यात कमीपणा नाही.

शेवटचा आक्षेप न्यायाचा आहे: सगळी जबाबदारी रुग्णावर का? गोंगाट करणाऱ्याने काहीच करायचे नाही का? करायचे आहे, आणि कायदाही तेच सांगतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या नियमांची कठोर अंमलबजावणी करायला सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी. म्हणून ११२ वर फोन करायला कचरू नये. ग्रामसभेत वरातीची वेळ आणि डीजेची जागा ठरवून घेणे तर गावाच्याच हातात आहे, आणि त्याने तान्ह्या बाळांचे आणि म्हाताऱ्यांचेही कान वाचतात. पण कायदा फक्त पहिल्या रकान्याला पुरतो. भांडी, पोरे, कोंबडा आणि एसटी यांच्यावर बंदी घालता येत नाही आणि घालूही नये. तिथे शिडीच चढावी लागते.

घरच्यांचा वाटा शेवटी, पण तो लहान नाही. ‘काही नाही, दुर्लक्ष कर’ म्हणून रुग्णाला उडवून लावू नये, आणि त्याच्या धाकाने सगळे घर कुजबुजत वावरू लागले तर तेही बरे नाही, कारण मग घरच ती ध्वनिरोधक खोली होते. मिक्सर लावण्याआधी ‘लावते हं’ एवढे सांगावे, समोर येऊन बोलावे आणि बाकीचे घर नेहमीसारखे चालू द्यावे. सुरुवात आज रात्रीच करता येईल: खिडकी थोडी उघडी ठेवावी, पंखा मंद लावावा, कानातला कापूस काढून टाकावा, आणि उशाशी वही ठेवावी. उद्या सकाळी ऐकू आलेला पहिला आवाज त्या वहीत, योग्य रकान्यात लिहावा.